एका गियरचा पक्ष

एखाद्या वस्तूचे अंगचे गुण आणि तिच्या भक्तांनी तिच्यावर चढविलेले गुण यांची निवड करून दाखविणे, हे टीकेचे पहिले काम होय. ग्रंथ, नाटक, गायन यांच्या बाबतीत आपण हे मान्य करतो. सायकलीच्या बाबतीत ते करण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, असे मात्र मला कधी वाटले नव्हते. पण गेली दोन वर्षे मी एका सायकलीच्या नादी लागलो आहे. तिची स्तुती मी ऐकली आहे, वाचली आहे आणि, कबूल करावयास हवे, स्वतः केलीही आहे. त्या स्तुतीतील बराचसा भाग टिकण्याजोगा नाही, अशा निर्णयाला मी आता आलो आहे. तरीही ती सायकल मी सोडलेली नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

सायकल डोंगरी वाटांसाठी केलेली आहे. सांगाडा पोलादाचा, टायर दोन इंचांहून अधिक रुंद आणि गियर एकच. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने ती सुट्टीवर येताना खोक्यात बांधून आणली आणि परत जाताना माझ्या पडवीत ठेवून दिली. माझ्याजवळ तोपर्यंत चोवीस गियरांची सायकल होती. साखळीला एका दातचक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी जी यंत्रणा मागच्या चाकापाशी लोंबत असते, जिला डिरेलर म्हणतात, ती आमच्या फोंड्याच्या पावसात फार नाजूक ठरे. तांबड्या मातीचा चिखल, कुळागरातील पाचोळा, गवताच्या काड्या, यांपैकी काहीही तिच्यात अडकले की साखळी उड्या मारू लागे. एका श्रावणात ती वाकून चाकाच्या आऱ्यांत गेली. दुरुस्तीस तीन आठवडे लागणार होते. नाइलाजाने मी भाच्याची सायकल बाहेर काढली.

फर्मागुडीच्या पठारावरून बांदोड्याच्या बाजूला उतरावे आणि कुळागरांच्या कडेकडेने रामनाथी, कवळे असे करीत परत यावे, हा माझा सकाळचा परिपाठ. उतरताना विशेष काही वाटले नाही. परतीचा चढ समोर आला तेव्हा माझा अंगठा सवयीने हॅन्डलवर कळ शोधू लागला, आणि तेथे काही नव्हते. उठून पायडलांवर उभे राहावे, नाही तर खाली उतरावे, एवढेच दोन मार्ग होते. मी अर्धा चढ उभा राहून चढलो आणि उरलेला अर्धा सायकल ढकलीत चालत गेलो. घरी आलो तेव्हा पाय थरथरत होते. मन मात्र, का कोण जाणे, प्रसन्न होते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तीच सायकल काढली. जुनी सायकल दुरुस्त होऊन आली, ती आजही पडवीतच आहे.

भाच्याला हे कळविले तेव्हा त्याला आपला पक्ष जिंकल्याचा आनंद झाला. त्या पक्षाची कैफियत त्याने मला पूर्वीच ऐकविली होती, आणि पुढे या विषयावर जे काही वाचनात आले त्यातही तीच तीन कलमे मला निरनिराळ्या शब्दांत आढळली. पहिले कलम परंपरेचे: डोंगरी सायकल मुळात एका गियरचीच होती, गियर ही नंतरची भेसळ. दुसरे साधेपणाचे: जितके भाग कमी तितकी कटकट कमी, आणि पोलाद तर जन्मभर पुरणारे व अंगाला मऊ. तिसरे शीलाचे: सोय नाकारणारा स्वार अधिक कणखर आणि अधिक निर्मळ होतो. व्यवसायाने वकील असल्यामुळे मी ही तिन्ही कलमे पुराव्यावर घासून पाहिली.

न्यायालयात रूढी सिद्ध करावयाची तर ती प्राचीन, निश्चित आणि अखंड असल्याचे दाखवावे लागते. एका गियरची रूढी या कसोटीला उतरत नाही. डोंगरी सायकलीचा उगम सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मॅरिन परगण्यात, तमालपाइस पर्वताच्या परिसरात झाला. तेथील काही तरुण १९७०च्या दशकात भंगारातून जुन्या सायकली उचलीत. १९३०-४०च्या सुमाराच्या, श्विन कंपनीच्या, जाड टायरांच्या आणि जड सांगाड्यांच्या या सायकली डोंगरावरून खाली सोडण्याचा खेळ ते खेळत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी वेळ मोजून पहिली शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास अंतरात सुमारे १३०० फूट खाली येणारी ती वाट ‘रीपॅक’ या नावाने ओळखली जाते. पायडल उलटे दाबले की लागणारे जे ब्रेक त्या सायकलींना असत, त्यांच्या हबमधील ग्रीस उतारभर तापून जळून जाई आणि खाली आल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले.

या सायकलींना गियर एकच होता हे खरे. पण तो निवडलेला नव्हता. भंगारात जे सापडले त्याला तो होता, इतकेच. शिवाय खेळ होता उतरण्याचा. वर जाण्यासाठी हे तरुण सायकली ट्रकमध्ये टाकीत किंवा ढकलीत नेत. चढाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी काय केले, हा खरा पुरावा. १९७४च्या अखेरीस कूपरटिनो गावची काही मंडळी मॅरिनमधील एका शर्यतीस आली, ती जाड टायरांच्या सायकलींना डिरेलर लावूनच. गॅरी फिशर यांनीही आपल्या जुन्या सायकलीला गियर बसविले. १९७७ साली जो ब्रीझ यांनी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा नवा सांगाडा घडविला, तोही गियरांसाठीच. १९८१ साली स्टंपजंपर ही सायकल दुकानांत विकावयास आली तेव्हा तिला पंधरा गियर होते. म्हणजे ज्या पूर्वजांच्या नावाने ही परंपरा सांगितली जाते, त्यांनी संधी मिळताच एक गियर टाकून दिला. आवडीने एकच गियर ठेवण्याची चाल रुजली ती १९९०च्या दशकात, गियर सर्वत्र झाल्यावर.

या पक्षाचे दुसरे पूर्वज फ्रान्समधील. ‘तूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीचे जनक आंरी देग्रांज हे गियर बदलण्याच्या युक्तीचे कडवे विरोधक होते. ही सोय पंचेचाळिशीपुढच्या माणसांसाठी आहे, असा अभिप्राय त्यांनी १९०२ साली दिला होता. मी स्वतः त्या रेषेच्या अगदी जवळ येऊन ठेपलो असल्यामुळे त्याकडे तटस्थपणे पाहणे मला जमत नाही. तिकडे सेंतेत्येन गावचे पॉल द व्हिव्ही, जे ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत, ते अनेक गियरांचा तितक्याच हिरिरीने पुरस्कार करीत होते. तूरमध्ये डिरेलरला मोकळीक मिळाली ती १९३७ साली. पण तोवर तेथील स्वार खरोखर एका गियरवर होते काय? मागच्या चाकाच्या दोन बाजूंना लहानमोठी दोन दातचक्रे बसविलेली असत. घाटाच्या पायथ्याशी स्वार खाली उतरे, चाक काढून उलटे बसवी आणि मोठ्या चक्रावर चढाला लागे. एका गियरची थोरवी गाणाऱ्यांच्या काळातही दुसरा गियर चाकाच्या पाठीशी लपलेला होता.

परंपरेचे कलम असे फेटाळावे लागते. साधेपणाच्या कलमात तथ्य आहे, परंतु अर्धे. ज्याला डिरेलर नाही त्याचा डिरेलर वाकणार नाही, हे निर्विवाद. पावसाळ्याचे चार महिने माझी सायकल चिखलातून जाते आणि घरी आल्यावर एक बादली पाणी व तेलाचे चार थेंब यांवर तृप्त होते. परंतु साखळीचा ताण आपोआप धरून ठेवणारी कमान डिरेलरबरोबरच जाते. साखळी झिजून लांबली की मागचे चाक सैल करून मागे ओढावे लागते. ताण कमी पडला तर साखळी उतरते, जास्त झाला तर हब कुरकुरते. एक गियर घेतला की डोंगर सपाट होत नाहीत. ते आता पायांनी आणि गुडघ्यांनी सोसावयाचे असतात, एवढाच फरक.

पोलादाविषयीही असेच. पोलादाचा एक गुण निखालस खरा आहे: ठराविक मर्यादेच्या आतील ताण त्याने कितीही वेळा सोसला तरी त्याला थकवा येत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ते लहान ताणांनीही हळूहळू थकत जाते. पण हा गुण गंज न चढलेल्या पोलादाचा आहे, आणि गोव्याच्या हवेत गंज हा न बोलावता येणारा पाहुणा आहे. पोलाद कोणीही वेल्डर जोडून देईल असे सांगतात. चांगल्या सांगाड्याच्या नळ्यांची भिंत मध्यभागी एक मिलिमीटरहूनही पातळ असते. खिडकीचे गज जोडणाऱ्या हाताने तेथे भोकच पडण्याचा संभव अधिक. आणि ज्या मऊपणाचे श्रेय पोलादाला देतात तो बहुतांशी टायरांचा. मी एकदा टायरांत हवा गच्च भरून त्याच वाटेने गेलो. पोलाद तेच होते. मऊपणा कोठेच नव्हता.

आता शीलाचे कलम. त्याच्या बाबतीत मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच उभे राहावे लागेल. कारण त्या पहिल्या वर्षी मी बढाई मारू लागलो होतो. देवळाच्या अग्रशाळेत चार मंडळी बसली की मी सायकलीचा विषय काढी. चोवीस गियर असताना मी एकावर आलो, हे सांगताना माझ्या आवाजात, एखाद्याने सर्वस्व त्यागून संन्यास घ्यावा, तसा सूर येत असे. ऐकणारे सभ्य होते. कोणी काही बोलले नाही.

बोलला तो पोदेर. रोज पहाटे पों पों करीत आमच्या वाड्यावर पाव आणणारा हा गृहस्थ वयाने माझ्याएवढाच असेल. माझी सायकल फाटकाशी टेकून ठेवलेली होती. त्याने तिच्या मागच्या चाकाकडे वाकून पाहिले, किंमत विचारली आणि म्हणाला, “वकीलबाब, गियर नात आनी मोल इतलें?” मी हसून माझे नेहमीचे प्रवचन आरंभिले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि टोपलीवरचे निळे प्लास्टिक नीट करीत म्हणाला, “म्हाका गियर मेळ्ळे जाल्यार बरे पडटले.”

तो गेल्यावर माझ्या ध्यानात आले की, त्याच्या सायकलीलाही गियर एकच आहे, सांगाडाही पोलादाचाच आहे, आणि तिच्याविषयी स्तुतिपर लेख मात्र मी कोठेही वाचलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला थांबवून मी तिचे दात मोजले. पुढे ४४, मागे १८. माझ्या सायकलीचे पुढे ३२, मागे २०. हिशेब सोपा आहे. माझे पायडल एकदा फिरले की चाक १.६ वेळा फिरते आणि सायकल सुमारे ३.७ मीटर पुढे जाते. त्याची एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर जाते. म्हणजे चढावर त्याला प्रत्येक फेऱ्याला माझ्या जवळजवळ दीडपट ओढ द्यावी लागते. तीही वीसेक किलोच्या सायकलीवर, मागे पावांनी भरलेली टोपली घेऊन, वर्षाचे बाराही महिने. ज्या गोष्टीने माणूस निर्मळ होतो असे मी सांगत होतो, ती तो वीस वर्षे करीत आला होता, आणि त्याला तीपासून सुटका हवी होती.

एकादशीचा उपास आणि घरात तांदूळ नसल्यामुळे घडणारा उपास यांत पोट सारखेच रिकामे राहते. पण पहिल्याला आपण व्रत म्हणतो, कारण द्वादशीला पारणे ठरलेले असते. माझ्या एका गियरचे पारणे पडवीत उभे होते, चोवीस गियरांचे. अशा माणसाने आपल्या त्यागाचे गुणगान करू नये. करावयाचेच असेल तर त्याला छंद म्हणावे. छंद हा शब्द काही हलका नाही.

येथे कोणी विचारील की, तिन्ही कलमे निकालात निघाली असता ही सायकल अद्याप का चालविता? हा प्रश्न रास्त आहे, आणि माझे उत्तर असे.

माझा व्यवसाय विकल्पांचा आहे. कैफियत लिहिताना आम्ही प्रथम म्हणतो, प्रतिवादीने कर्ज घेतलेच नाही. विकल्पाने, घेतले असल्यास फेडले आहे. आणि विकल्पाने, फेडले नसल्यास मुदत टळली आहे. एक दार बंद झाले तर दुसरे उघडे असावे, ही वकिलाची शिकवण. वीस वर्षांत ती हाडांत मुरते. माणूस घरीही तसाच बोलू लागतो, आणि मनातही. चोवीस गियरांच्या सायकलीवर मी तसाच बसत असे. चढ येण्यापूर्वीच माझे मन हा की तो या वादात गुंतलेले असे, आणि चुकीचा गियर निवडला याची रुखरुख पुढच्या वळणापर्यंत पुरे.

एका गियरवर निवड नाहीशी होते असे नव्हे. ती आधीच, घरी, चक्राचे दात ठरविताना झालेली असते. वाटेवर उरते ती फक्त निभावणी. पायडलाचे मिनिटाला साठ फेरे झाले तर ताशी सुमारे १३ किलोमीटर, नव्वद झाले तर २०. त्याच्या पलीकडे पाय नुसते भिरभिरतात, म्हणून सपाट हमरस्त्यावर शाळेतली मुलेसुद्धा मला मागे टाकतात. दहात एक असा चढ असेल तर मिनिटाला चाळीस फेरे मारण्याने एका मिनिटात सुमारे १५ मीटर उंची चढावी लागते, पाच मजल्यांचा जिनाच जणू. ते झेपते किंवा झेपत नाही. जुन्या सायकलीच्या सर्वांत हलक्या गियरवर एका फेऱ्यात जेमतेम दीड मीटर अंतर पडे. तेथे शरीराशी तडजोडीच्या वाटाघाटी करता येत. येथे विकल्पाने काही मागता येत नाही.

याचा परिणाम असा होतो की लक्ष यंत्रावरून उठून वाटेवर जाते. पुढे चढ आहे हे शंभर पावले आधी ओळखून उताराचा वेग सांभाळून ठेवावा लागतो. कोठला दगड सुटा आहे, कोठे शेवाळ आहे, कुळागराचा पाट कोठे आडवा येतो, हे आधी पाहावे लागते, कारण थांबलो की पुन्हा चढावर निघणे कठीण. गियरच्या सायकलीवर पायांची लय एकसारखी ठेवावी आणि बाकीचे बदलावे, असा दंडक असतो. येथे लय जमीन ठरविते. चढावर विलंबित, सपाटीवर द्रुत, आणि स्वाराने फक्त सम चुकवावयाची नाही. ज्या वाटेने मी दहा वर्षे गेलो होतो तिचा चढउतार मला पायांनी कळला तो याच सायकलीवर.

आणखी एक गोष्ट मला तिने शिकविली. पूर्वी चढावर खाली उतरणे मला पराभवासारखे वाटे. चोवीस गियर असून उतरतो म्हणजे दोष माझाच. आता मी उतरतो आणि सायकल हाताने धरून चालतो. रीपॅकचे ते तरुणही वर जाताना हेच करीत. चालताना पाटाचे पाणी ऐकू येते, पलीकडून देवळातली घंटा ऐकू येते. निर्णय देऊन झालेल्या खटल्यासारखे मन त्या चार मिनिटांपुरते मोकळे असते.

हे आकर्षण खरे आहे, आणि ते कोणत्याही पूर्वजाच्या आधाराची किंवा कोणत्याही सद्गुणाच्या प्रमाणपत्राची अपेक्षा करीत नाही. चाळिशी उलटलेल्या, विकल्पांनी थकलेल्या एका माणसाला ते लाभले. दुसऱ्याला ते लाभेलच असे नाही. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला ओझे न्यावयाचे आहे, ज्याला वेळेवर पोहोचावयाचे आहे, त्याने गियर घ्यावेत आणि त्याबद्दल कोणाकडून कमीपणा मानून घेऊ नये. भाच्याला मी हे सारे लिहून कळविले. त्याचे उत्तर आले की, मामा वकिलाप्रमाणे दावा हरवून वस्तू मात्र स्वतःकडेच ठेवून घेतात. हे त्याचे म्हणणे मी नाकारीत नाही.

पोदेराचे मात्र मनात राहिले होते. त्याच्या सायकलीला डिरेलर बसविणे व्यवहार्य नव्हते, पण मागचे चक्र बदलणे शक्य होते. फोंड्याच्या बाजारात बावीस दातांचे फ्रीव्हील मिळाले. आम्ही दोघे ते घेऊन मिस्त्रीकडे गेलो. त्याने जुने काढून नवे बसविले, साखळी अपुरी पडली म्हणून तिला तुकडा जोडला, आणि अर्ध्या तासात काम झाले. एका फेऱ्याचे अंतर ५.४ मीटरांवरून ४.४ वर आले. आठवड्याने मी त्याला विचारले, कसे वाटते? त्याने सायकल स्टँडवर लावली, मला माझे पाव मोजून दिले आणि म्हणाला, “चडणेर बरी. पुण सपाटीर पांय चड घुंवडावचे पडटात.”

एका गियरविषयी मी जे काही वाचले आहे, त्यात इतके नेमके परीक्षण मला दुसरे आढळलेले नाही.